तडा धरून ठेवणारे धागे
1954 साली 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी विमाने आकाशातच फुटली. वारंवार ताण पडून धातू थकतो, त्याला बारीक तडा जातो व तो वाढत राहतो. हे वाचले आणि मला प्रश्न पडला, तडा अडवावा कसा?

नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात यावर 'ग्लेअर' तयार झाले. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे व राळेत भिजविलेले काचतंतू एकाआड एक रचून, उष्णता व दाब देऊन ते एकजीव करतात. पत्र्याला तडा गेला तरी अखंड तंतू त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. तडा फार सावकाश वाढतो. 2005 मध्ये प्रथम उडालेल्या 'एअरबस ए-380'च्या धडाच्या वरच्या भागात ग्लेअर आहे.

तडा जाणारच, हे आधी मान्य करण्यातच मला खरे शहाणपण दिसते.