हाक मारली की कुत्रा यायलाच हवा

रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडला, की त्याच्यापुढे खेकडे, कुजकी मासळी आणि दुसरी कुत्री असतात. मालकाची हाक या सगळ्यांपेक्षा फायद्याची वाटली, तरच तो वळतो.

सुरुवात घरच्या अंगणात करावी. ‘ये’ हा एकच शब्द ठरवून घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. कुत्रा जवळ आला, की लगेच उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा द्यावा; खारवलेली सुकी मासळी नको, तिच्यात मीठ फार. अंगणात जमलं, की गडग्याबाहेर आणि मग गर्दी नसताना किनाऱ्यावर. तिथे छातीपट्ट्याला दहाएक मीटरची हलकी दोरी बांधावी, म्हणजे हाक न ऐकता पळून जाण्याची सवयच लागत नाही.

एकदा हाक मारली, की पुन्हा पुन्हा ओरडू नये. हाकेची किंमत जाते. त्यापेक्षा टाळी वाजवून उलट दिशेला पळावं. उशिरा आला म्हणून रागावूही नये, कारण कुत्रा तो राग ‘पळण्या’शी नव्हे, ‘येण्या’शी जोडतो. दर वेळी साखळी घालायलाच बोलावलं, तर तो यायचं टाळतो. अधूनमधून बोलवावं, खाऊ द्यावा आणि परत खेळायला सोडावं.

कोकणात वाड्यांच्या आसपास बिबट्या फिरतो. हाक कितीही पक्की झाली, तरी तिन्हीसांजेनंतर कुत्रा मोकळा सोडू नये.