पाणी तीन ठोकळ्यांवर

मुलांच्या व्हिडिओ गेमवर काहीतरी लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक डोळे, अभ्यास आणि चिडचिड यांवरचा लेख असावा. मी मात्र वरणगावला बहिणीकडे गेलो, कारण भाचा फोनवर एक तक्रार करत होता आणि ती मला सोडवत नव्हती. "मामा, गहू वाढूच नाही राहिला." बी पेरलेलं होतं, माती ओली होती, वर छप्पर होतं, मशाली लावलेल्या होत्या. सगळं केलं तरी रोप जागचं हलत नव्हतं.

वरणगाव हे भुसावळ तालुक्यातलं गाव. महामार्ग आणि भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग दोन्ही इथून जातात. जवळच तापीवर हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण आहे. गावाची ओळख मात्र आयुध निर्माणीची. १९६४ साली ती उभी राहिली, बंदुकांची काडतुसं बनवते आणि ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. गावात तिला सगळे नुसतं फॅक्टरी म्हणतात. भाऊजी तिथेच कामाला. घरातला कॉम्प्युटर जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि एप्रिलच्या दुपारी त्याचा पंखा खोलीतल्या कूलरशी स्पर्धा करत होता. अशा यंत्रावर नवे महागडे गेम चालत नाहीत. भाचा खेळत होता तो 'लुआंटी'. पूर्वी त्याचं नाव 'माइनटेस्ट' होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. तो फुकट आहे, डाउनलोड लहान आहे, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. या शेवटच्या गोष्टीमुळेच हा लेख झाला.

या जातीच्या खेळांची कुळकथा थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये झॅकरी बार्थ या अमेरिकन तरुणाने 'इन्फिनिमायनर' नावाचा ठोकळ्यांचा खेळ काढला. तो पाहून स्टॉकहोमच्या मार्कुस पेर्सनने त्याच वर्षी 'माइनक्राफ्ट' सुरू केला. उघड्या रानात खेळाडूला रिकाम्या हाताने सोडायचं, झाड तोडून लाकूड, लाकडातून हत्यार, हत्याराने दगड असं करत त्याने जगायचं आणि बांधायचं. ना गोष्ट, ना शेवट. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. तोवर फिनलंडच्या पेर्टू अहोलाने आपला वेगळा रस्ता धरलेला होता. २०१० मध्ये त्याने असं जग स्वतः रचून पाहायला घेतलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. नंतर जगभरचे स्वयंसेवक त्यात आले.

आज लुआंटी म्हणजे एक खेळ नाही, खेळ चालवणारं इंजिन आहे. इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. त्यावर चालणारे नियम, म्हणजे कोणता ठोकळा कशाने फुटतो, कोणतं बी कधी उगवतं, आग कुठवर पसरते, हे सगळं लुआ या छोट्या भाषेत लिहिलेलं असतं. लुआ १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मली. नियमांच्या अशा एकेका गठ्ठ्याला मॉड म्हणतात. मॉड हे एक साधं फोल्डर असतं आणि आतल्या फाइली नोटपॅडमध्येही उघडतात.

जगाचा आकार सांगितला की मोठ्यांचेही डोळे विस्फारतात. मध्यापासून प्रत्येक दिशेला सुमारे ३१,००० ठोकळे, आणि एक ठोकळा एक मीटरचा धरतात. म्हणजे साधारण ६२ किलोमीटर लांब आणि तितकंच रुंद, खोली-उंचीही तेवढीच. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्या जगाच्या एका थरात मावतो. भाऊजींच्या घरातला तो कॉम्प्युटर एवढा प्रदेश कसा सांभाळतो? उत्तर असं की तो सांभाळतच नाही. खेळाडूभोवतीचा तुकडा तेवढा जागा असतो. जग १६ ठोकळ्यांच्या घनांमध्ये कापलेलं आहे आणि नेहमीच्या मांडणीत खेळाडूच्या चहूबाजूंना असे चार घन, म्हणजे ६४ ठोकळ्यांपर्यंतचा परिसर, जिवंत राहतो. त्यापलीकडे गवत पसरत नाही, जवळजवळ काहीच घडत नाही.

गव्हाकडे येतो. भाच्याने शेतीच्या मॉडची फाइल उघडली. तिथे पीक वाढवणारं एक फंक्शन आहे, मोजक्या ओळींचं. बी लावलं की प्रत्येक टप्प्याला एक घड्याळ सुरू होतं, १६६ ते २८६ सेकंदांमधलं कोणतंही. घड्याळ वाजलं की फंक्शन रोपाखालची माती ओली आहे का ते बघतं, मग रोपावर उजेड किती आहे ते बघतं. दोन्ही जमलं तर रोप एक पायरी वर जातं. नाहीतर ४० ते ८० सेकंदांनी पुन्हा विचारतं. गव्हाच्या आठ पायऱ्या आहेत. काही अडलं नाही तर बियापासून पिकल्या कणसापर्यंत २२ ते ३८ मिनिटं लागतात. खेळातला दिवस-रात्रीचा फेरा २० मिनिटांचा असतो आणि रात्री उजेडाअभावी वाढ थांबते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच.

उजेडाच्या ओळीशी आम्ही थांबलो. गव्हाला किमान १३ उजेड लागतो. मशालीचा उजेड १२, आणि तिच्यापासून एकेक ठोकळा दूर जावं तसा तो एकेकाने उतरतो. भाच्याने छपराखाली आणखी वीस मशाली लावल्या असत्या तरी उजेडांची बेरीज होत नाही, सगळ्यांत मोठा आकडा तेवढा धरला जातो. रोप जन्मभर तसंच राहिलं असतं. काचेचं छत केलं की ऊन आत येतं, किंवा मेसे नावाच्या दुर्मिळ स्फटिकाचा १४ उजेडाचा दिवा अगदी रोपाला लागून ठेवायचा. त्याने छप्पर फोडून काच बसवली आणि पुढच्या दिवशी, म्हणजे खेळातल्या पुढच्या दिवशी, गहू सरकला.

गेमचा दोष शोधणं म्हणजे काय, हे मला त्या तासाभरात नीट दिसलं. भाच्याने आधी यूट्यूबवरचे हिंदी व्हिडिओ पाहिले होते. त्यात कुणी म्हणे खत टाका, कुणी म्हणे खेळ पुन्हा इन्स्टॉल करा. तेरा हा आकडा मात्र फाइलीतच होता. बंद पेटीतल्या खेळात असा आकडा मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येत नाही. मला वाटतं, चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या खेळाचा नियम वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही महागड्या क्लासशिवाय वरणगावात घडू शकते.

पण मी सर्वांत जास्त वेळ अडकलो तो मातीच्या नियमात. नांगरलेली माती ओली आहे की कोरडी हे दर १५ सेकंदांनी तपासलं जातं. चारात एक अशा संधीने त्या-त्या ठोकळ्याची पाळी येते. नियम सोपा आहे: तीन ठोकळ्यांच्या आत कुठेही पाणी असलं तर माती ओली. बाजूला, वर, खाली, कुठेही. त्यामुळे एका पाण्याच्या खड्ड्यावर सात बाय सातचं वावर भिजतं, मधला खड्डा वगळून ४८ ठोकळे. आणि पाणी जमिनीखाली तीन ठोकळ्यांवर पुरलेलं असलं तरी चालतं. केळीला थेंबाथेंबाने पाणी पाजणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाला मधला ठोकळा खड्ड्यावर घालवण्याची उधळपट्टी लगेच कळली. त्याने पाणी जमिनीखाली लपवलं आणि वरचा ठोकळाही पेरला.

आता पाणी सापडलं नाही तर? सरळ विचार असा की माती कोरडी करून टाकावी. कोड लिहिणाऱ्याने तसं केलेलं नाही. त्याने आधी आणखी एक प्रश्न विचारला आहे: या तीन ठोकळ्यांत एखादा अजून न उघडलेला, माहीत नसलेला भाग आहे का? कारण जग तुकड्यांत जागं होतं. शेत एका घनात आणि विहीर शेजारच्या घनात असू शकते, आणि तो घन अजून डिस्कवरून उचललेला नसेल. अशा न दिसणाऱ्या जागेला इंजिनात वेगळं नाव आहे, ती हवा नाही आणि दगडही नाही. अशी जागा शेजारी असेल तर माती आहे तशीच ठेवायची. सगळं आजूबाजूचं दिसत असेल आणि तरी पाणी नसेल, तेव्हाच ती सुकवायची. आणि पूर्ण सुकलेल्या मातीचं साधं ढेकूळ करायचं तेही तिच्यावर रोप उभं नसेल तरच.

मी हे भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबरच आहे ना. रीडिंग नाही आलं म्हणजे शून्य आलं, असं कधी धरायचं नसतं." त्यांना गेममध्ये काडीचा रस नाही; ती ओळ मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावली.

इतक्या काळजीच्या कोडशेजारीच एक उणीवही राहून गेली आहे. भाचा शेत सोडून लांब खाणीत गेला की शेत झोपतं. तो परतला की इंजिन हिशेब करून सांगतं, मधे इतके सेकंद गेले. घड्याळ वाजतं, रोप एक पायरी चढतं, आणि मग नवं घड्याळ सुरू. तो दहा मिनिटांनी आला काय आणि महिनाभराने आला काय, पायरी एकच. गेलेल्या वेळेचा आकडा फंक्शनच्या हातात दिलेला असतो, पण ते तो वापरत नाही. हे खटकलेल्यांपैकी कुणीतरी उपाय केला आहे. टेनप्लसवन या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाचं 'फार्मिंग रीडू' हे मॉड मधल्या काळात दिवस किती आणि रात्र किती गेली याचा हिशेब करून तेवढ्या पायऱ्या एकदम चढवतं. ते मूळ शेतीच्या मॉडचंच नाव घेऊन त्याच्या जागी बसतं, त्यामुळे जुनं पेरलेलं शेत वाया जात नाही.

मॉड बसवणं मात्र सरळ नसतं. खेळाच्या आतल्या भांडारातून घेतलं तर ठीक. पण मुलं झिप फाइल परस्पर उतरवतात, तेव्हा फोल्डरच्या नावाला 'मास्टर' असं शेपूट आणि आडवी रेघ चिकटून येते. जुन्या मॉडमध्ये नावाची वेगळी फाइल नसली की इंजिन फोल्डरचं नावच मॉडचं नाव समजतं, आणि नावात आडवी रेघ त्याला चालत नाही. मग इंग्रजीत लाल अक्षरं येतात आणि मूल घाबरून सगळं पुसून टाकतं. पुसू नये. मॉड काढलं तरी त्याचे ठोकळे जगाच्या फाइलीत नावानिशी राहतात. ते 'अनोळखी' म्हणून विचित्र चित्रात दिसतात, आणि मॉड परत बसवलं की पूर्वीसारखे होतात. वीज गेली तरी फारसं बिघडत नाही: नकाशा दर ५.३ सेकंदांनी डिस्कवर लिहिला जातो. उन्हाळ्यात वीज येते-जाते अशा गावात हा आकडा फार मोलाचा आहे.

खरी काळजी वाटली ती दुसरीकडे. फोनवर याच कोडवरून केलेल्या, जाहिरातींनी भरलेल्या नकला अनेक आहेत, आणि मुलांना त्याच आधी सापडतात. मूळ खेळात जाहिरात नाही. अनोळखी सर्व्हरवर गप्पांची खिडकी उघडी असते, हे पालकांना माहीत हवं. घरातल्या घरात एकट्याचं जग चालवलं तर तो प्रश्न येत नाही.

आणि लिपी. भाच्याला खेळातल्या आपल्या गावात पाट्या लावायच्या होत्या. पाटीकडे नजर रोखली की तिच्यावरचा मजकूर पडद्यावर उमटतो. सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्टचा पत्ता दिल्यावर 'वरणगाव' नीट आलं. 'तापी' आलं, 'दीपनगर' आलं. 'विहीर' लिहिलं तर पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली. 'प्रवेशद्वार'चे तुकडे झाले, पाय मोडलेले, एकमेकांना न जोडलेले. अक्षरांचा क्रम पाहून त्यांना आकार देण्याचं काम एक वेगळा भाग करतो, आणि मी पाहिलेल्या आवृत्तीत तो भाग नव्हता. याच कारणाने हिंदी आणि कन्नडचं भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं असूनही अनेक आवृत्त्यांमध्ये ते भाषांच्या यादीत दाखवलं जात नव्हतं. लोकांनी वेळ काढून शब्द लिहिले, आणि ते पडद्यापर्यंत पोचले नाहीत.

मला याचं वाईट वाटतं, कारण अडचण न सुटणारी नाही. अक्षरं घडवणारी हार्फबझ नावाची खुली लायब्ररी आहे. अँड्रॉइड फोनवर आपण मराठी वाचतो ती तिच्याच जिवावर. ती या इंजिनात जोडायला सी प्लस प्लस येणारं माणूस लागेल, जुन्या यंत्रांवर खेळ मंद होणार नाही हे बघावं लागेल, आणि आपली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासणारं कुणीतरी लागेल. पहिल्या दोन गोष्टी फिनलंडात किंवा जर्मनीत बसलेला माणूस करू शकेल, तिसरी त्याला जमणार नाही. पुण्यात, जळगावात, नाशकात इंजिनीअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधत असतात. इथे कोड उघडा आहे, परवानगी कुणाची लागत नाही, आणि बदल पटला तर तो जगभरच्या प्रतींमध्ये जातो.

भाच्याने तोवर पाटी बदलून 'पाणी' असं लिहिलं. ते बरोबर दिसतं.