यात्रेची गाडी आणि न दिसणारा वायू



सोयाबीनची रास घरात आली, हरभरा पेरून झाला, की आपल्या अर्धापूर भागात यात्रेचे वेध लागतात. कुणी माळेगावच्या खंडोबाला निघतो, कुणी माहूरला, कुणी थेट काशीला. दहा-बारा माणसे मिळून गाडी ठरवतात. गॅसची शेगडी, पिठाचा डबा, अंथरूण-पांघरूण सारे गाडीतच. रात्री थंडी वाजते म्हणून काचा घट्ट लावून सगळे आतच झोपतात. आता तर झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅरावान गाड्याही निघाल्या आहेत.

अशाच एका कॅरावानमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे दोघे मृत आढळले. जनरेटरचा विषारी वायू गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरला, असे तपासात निघाले. त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साईड. कोळसा, लाकूड, डिझेल, गॅस, काहीही अर्धवट जळाले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

म्हणून गाडीत धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसवावीत. ती कुठे बसवायची, हे नीट समजून घ्या.

धुराचे यंत्र छताला लावा, कारण गरम धूर वर चढतो. मात्र ते शेगडीच्या बरोबर वर नको. फोडणी दिली की ते ओरडेल आणि कंटाळून कुणीतरी त्याचा सेल काढून ठेवील.

कार्बन मोनॉक्साईडचे यंत्र वेगळे असते. हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असल्याने तो हवेत सगळीकडे मिसळतो. तेव्हा हे यंत्र झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या उंचीवर, उशाजवळच्या भिंतीला लावा. पडद्याआड किंवा खिडकीलगत लावू नका.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. त्याचे यंत्र तळाशी लागते. दुकानात मिळणारे सिलिंडर-गळतीचे यंत्र कार्बन मोनॉक्साईड ओळखेलच असे नाही. घेताना विचारून घ्या.

निघण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचे बटण दाबून आवाज ऐका. यंत्रावर छापलेली मुदत संपली असेल, तर ते बदला.

पण यंत्र म्हणजे राखणदार. चोराला आत घेऊन राखणदार ठेवण्यात शहाणपण नाही. कोळशाची शेगडी झोपायच्या जागी कधीही नेऊ नका. काच थोडी उघडी ठेवली म्हणजे भागले, असेही समजू नका. जनरेटर गाडीपासून दूर ठेवा. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून झोपू नका. हाच नियम घरातल्या बंद खोलीला आणि विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनालाही लागू आहे.

एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले, तर पित्त झाले म्हणून पडून राहू नका. यंत्र वाजो न वाजो, सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

यंदा गाडी ठरवताना भाड्याबरोबर ही चौकशीही करा. देवदर्शन करून सगळी माणसे सुखरूप घरी आली, तरच यात्रा पावली.