तुकडे झाल्यावर ताजेपणा ओळखायचा कसा?

हवाईच्या किनाऱ्यालगतच्या पोकेच्या दुकानांबद्दल गिऱ्हाइकं दोन तऱ्हेने बोलतात. मासा ताजा होता, लुसलुशीत होता, ही वाहवा. रांग फार, बसायला धड जागा नाही, निवडायला चार-पाचच प्रकार आणि दुपारी उशिरा गेलं तर सगळं संपलेलं, ही कुरकुर. वाहवा मासळीच्या खात्यात आणि कुरकुर व्यवस्थेच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. पण या धंद्याचं गणित पाहिलं, तर ज्या गोष्टींवर कुरकुर होते, बऱ्याचदा त्यांच्याच जोरावर ती वाहवा मिळालेली असते.

पोके म्हणजे कच्च्या माशाचे घासाएवढे तुकडे. बहुतेकदा ते ‘आही’चे, म्हणजे आपल्याकडच्या कुपा-गेदरच्या कुळातल्या मोठ्या टूनाचे असतात. जुन्या पद्धतीत त्यांना समुद्री मीठ, लिमू नावाचं शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बियांची भरड चोळत. उसाच्या मळ्यांवर 1885 पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. आशियातून आलेल्या अशा लोकांच्या स्वयंपाकातून सोया सॉस आणि तिळाचं तेल त्यात शिरलं. आज होनोलुलूत पोके सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवर वजनावर मिळतं, तसंच छोट्या दुकानांत गरम भातावर घालूनही. यात फोडणी नाही, रस्सा नाही, तळणही नाही. मासा शिळा असेल तर तो झाकायला काहीच नाही. शिवाय मीठ लागलं की माशाला पाणी सुटतं आणि त्याचा रंग काळवंडतो. म्हणून वायकिकीजवळच्या कपाहुलू रस्त्यावरच्या ‘ओनो सीफूड’सारखी दुकानं मागणी आल्यावरच पोके कालवून देतात. अशा ठिकाणी रांग लागणारच. आणि आज आणलेला मासा आजच विकायचा, तर तो कधीतरी संपणारच.

आता गिऱ्हाइकाची खरी अडचण. मालवणच्या किंवा अलिबागच्या बाजारात मासे घेणारा कल्ला उचलून पाहतो, डोळे पाहतो, बोटाने दाबून पाहतो, मग घासाघीस करतो. पोकेत मासा समोर येतो तो तुकडे होऊन, सॉसमध्ये न्हालेला. कल्ला नाही, डोळा नाही. पारख होते ती आधीच, दुसऱ्याच्या हातून. होनोलुलूच्या 38 क्रमांकाच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव भरतो. ‘युनायटेड फिशिंग एजन्सी’ तो 1952 पासून चालवते. बर्फावर मांडलेल्या प्रत्येक टूनाच्या शेपटीजवळ काप दिलेला असतो. खरेदीदार तिथला रंग आणि चरबी पाहतात आणि एकेका माशावर वेगळी बोली लावतात. दुपारी समुद्रावरून येऊन वाटी हातात घेणारा माणूस या पारखीवर विसंबून असतो. त्याच्या अनुभवाचा मोठा भाग तो दुकानात पाऊल टाकण्याआधीच ठरलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, ही गैरसोयीची भलामण झाली. रांगेला, उद्धट उत्तराला आणि कळकट टेबलाला ताजेपणाचं नाव दिलं की दुकानदार सुटला! हा आक्षेप निम्मा खरा आहे. उद्धटपणाने मासा ताजा राहत नाही आणि टेबल पुसल्याने तो नासत नाही. मात्र मोजके प्रकार, बदलता भाव आणि लवकर संपणं यांचा माशाशी थेट संबंध आहे. नावं ठेवताना एवढा फरक करायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोठवलेला मासा वापरला तर दिवसभर पुरेल, मग हट्ट कशाला? गोठवणं म्हणजे फसवणूक नव्हे. साल्मनसारख्या माशातले परजीवी मारायला अमेरिकेचे नियम तो उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवायला सांगतात. पण गोठवल्याने सगळंच निभावत नाही. 2016 साली हवाईत हेपेटायटिस ‘ए’ची साथ आली आणि 292 जणांना लागण झाली. तिचा माग परदेशातून आलेल्या गोठवलेल्या स्कॅलॉप शिंपल्यांपर्यंत लागला, कारण हा विषाणू थंडीने मरत नाही. टूना उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते नंतर गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. रंगावर भिस्त ठेवावी, तर कार्बन मोनॉक्साइड दिलेला टूना कितीतरी दिवस लालबुंद दिसतो. जपान आणि युरोपीय संघात यावर बंदी आहे, अमेरिकेत नाही.

म्हणजे जीभ चवीचा निवाडा करील, सुरक्षिततेचा नाही. डोळ्यांचाही भरवसा नाही. मग उरतं ते दुकानदाराचं खरं बोलणं. हवाईतल्या कित्येक काउंटरांवर ताजा आणि आधी गोठवलेला अशा वेगळ्या पाट्या असतात आणि दोन्हींचा भावही वेगळा असतो. गिऱ्हाइकाच्या हातून गेलेली पारख थोडीफार परत मिळते ती या पाटीमुळे. त्यामुळे समुद्राचा देखावा किती छान आणि वाटीवर आंब्याच्या फोडी किती, यापेक्षा दुकानाला तीन प्रश्न विचारावेत: मासा कुठला, गोठवलेला होता का, आणि कालवला कधी? सरळ उत्तर देणाऱ्याकडे रांगेत उभं राहायला हरकत नाही. उत्तर टाळणाऱ्याकडे रिकामी खुर्ची मिळाली तरी तिचा मोह धरू नये.