कणकेतला तांदूळ आणि धातूची परीक्षा



मुरूडची सहल म्हटली की जंजिऱ्यावरची कलाल बांगडी तोफ आलीच. ‘ही पंचधातूची’ असं सांगितलं की एखादं मूल हमखास विचारतं, "सर, ती किती कठीण आहे हे कसं कळणार? तुकडा तोडायचा का?"

तुकडा तोडायची गरज नाही! 1900 साली स्वीडनच्या ब्रिनेल यांनी सोपी युक्ती मांडली. 10 मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी ठरावीक भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. भार तोच ठेवला, तर खळगा मोठा म्हणजे धातू मऊ, लहान म्हणजे कठीण. पुढे विकर्स पद्धतीत गोळीऐवजी हिऱ्याचा पिरॅमिड आला. आजच्या नॅनोइंडेंटेशन यंत्राचा खळगा तर मायक्रोमीटरहूनही उथळ असू शकतो.

पण इथे एक गंमत आहे. पितळ हे संमिश्र. त्यात तांबं आणि जस्त एकमेकांत मिसळून जातात. कंपोझिटमध्ये तसं होत नाही. ॲल्युमिनिअममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण घातले, तर ते वेगळेच राहतात. मग खळगा नेमका कुठे पडला?

वर्गात करून पाहा. घट्ट कणकेत मूठभर कच्चे तांदूळ मळा. दोन गटांना टाचणी द्या. एका गटाची टाचणी कणकेत सहज शिरते, दुसऱ्याची दाण्यावर अडते. "मऊ!" "नाही, कठीण!" भांडण ठरलेलंच. दोघंही खरं बोलतात, पण उत्तर अपुरं. आता अंगठ्याने दाबा. अंगठ्याखाली कणीक आणि दाणे दोन्ही येतात, म्हणून सरासरी कळते.

असल्या कंपोझिटच्या ब्रेक डिस्कही बनतात. तिथे एकाच खळग्यावर भरवसा ठेवला, तर जिवाशी खेळ. म्हणून अनेक ठिकाणी बारीक खळगे घेतात, शिवाय मोठाही घेतात.

शेवटी त्या गोळ्याची वळी करून ओढा. नुसत्या कणकेपेक्षा ती लवकर तुटते, बहुतेक दाण्याशेजारीच. म्हणजे कण घातल्याने कठीणपणा वाढतो, पण ताणायची क्षमता घटते. ही गोष्ट खळगा सांगत नाही, त्यासाठी ताणाची वेगळी चाचणी लागते.

एका टाचणीवरून कणकेची परीक्षा होत नाही, हे मुलांना स्वतःच्या बोटांनी कळू द्या. मापन शिकवायला याहून स्वस्त साहित्य कुठलं?