चाळिशीत कॉम्प्युटर सायन्स: विद्यापीठ निवडताना आधी तास मोजा

चाळिशीच्या आसपास कॉम्प्युटर सायन्सची पदवी घ्यायचे मनात आले, तर विद्यापीठांची माहितीपत्रके बाजूला ठेवा आणि आधी बारावीची गुणपत्रिका शोधा. शाखा कोणती होती, गणित होते का, या दोन नोंदींवर पुढच्या निम्म्या वाटा ठरतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स ही पदवी नाशिकमध्ये केटीएचएमसारख्या कॉलेजांत घेता येते. तिथे गणितासह विज्ञान शाखेची बारावी गृहीत धरलेली असते, कारण अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही येते. वाणिज्य शाखेकडून येणाऱ्यांसाठी बीबीए-सीए आहे. बीसीएसाठी २०२४पासून राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नावे सारखी वाटली तरी या पदव्यांचा आतला ऐवज वेगळा आहे. ज्याला सॉफ्टवेअर वापरून व्यवसायाची कामे उभी करायची आहेत, त्याला बीसीए पुरेल. ज्याला पुढे एम.एस्सी. किंवा गेटची परीक्षा खुणावते, त्याने गणिताला वळसा घालू नये. वीस वर्षांपूर्वी सुटलेले गणित परत बसते, मात्र त्यासाठी प्रवेशाच्या आधीचे सहा महिने राखून ठेवावे लागतात.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि माझ्या मते निवडीचा खरा कस तिथेच लागतो. नियमित कॉलेज म्हणजे दिवसाचे तास, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, सबमिशन आणि ७५ टक्के हजेरी. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला हे जमत नाही, ओझरला एचएएलमध्ये जाणाऱ्यालाही नाही. तरीही नाशिकमध्ये प्रौढांचा एक गट असा आहे, ज्याने नियमित कॉलेजचा विचार अवश्य करावा. नाशिक रोड-देवळालीचा तोफखाना दलाशी जुना संबंध आहे आणि सैन्यातून निवृत्त होऊन इथेच घर केलेली कुटुंबे भरपूर आहेत. जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. हाताशी पेन्शन असते आणि दिवस मोकळा असतो. अशा माणसाने सुरक्षारक्षकाची नोकरी लगेच धरण्याआधी तीन वर्षे वर्गात बसण्याचा हिशेब मांडून पाहावा. सेतू कार्यालयातून गॅपचे प्रतिज्ञापत्र करून घेतले, जुना दाखला काढला की कागदपत्रांची मोठी अडचण उरत नाही. अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसण्याचा संकोच पहिल्या सत्रापुरता असतो.

बाकीच्यांसाठी गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला, एक विद्यापीठ मुद्दाम उभारलेले आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ची. ब्रिटनमध्ये १९६९ला मुक्त विद्यापीठ सुरू झाले, भारतातले पहिले १९८२ला हैदराबादला, इग्नू १९८५ला, आणि मग नाशिकचे. पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदामागे त्यांची भूमिका स्पष्ट होती: शिक्षण सुटलेल्या माणसाला कॉलेजात परत यायला सांगण्यापेक्षा अभ्यासच त्याच्या घरी न्यायचा. हा विचार मला आजही महाराष्ट्राच्या शिक्षणातला फार मोलाचा वाटतो, आणि नाशिककरांना त्याची पुरती जाणीव आहे असे वाटत नाही.

पण घरी येणारा अभ्यास म्हणजे सोपा अभ्यास नव्हे. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांत सुमारे १५६ आठवडे येतात, म्हणजे दर आठवड्याला २३ तास. नोकरी, घर, आईवडिलांचे दवाखाने सांभाळून आठवड्याला २३ तास काढणारा माणूस विरळा. म्हणून प्रौढ विद्यार्थ्याने माहितीपत्रकात शुल्काच्या आधी कमाल कालावधी पाहावा. इग्नूची बीसीए तीन वर्षांची आहे आणि ती सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. सहा वर्षांत वाटली की तोच भार आठवड्याला साडेअकरा तासांवर येतो: रोज एक तास आणि रविवारचे पाच-सहा. एवढे जमण्यासारखे आहे. तीन वर्षांत संपवतोच अशा जिद्दीने उतरून दुसऱ्या वर्षी सोडून देण्यापेक्षा पाच वर्षांचा आराखडा पहिल्याच दिवशी भिंतीवर लावलेला बरा.

मुक्त विद्यापीठात अभ्यासकेंद्र असते, तिथे समंत्रक असतात, संपर्क सत्रे होतात. प्रवेश घेण्याआधी ज्या केंद्रावर आपले नाव लागणार तिथे स्वतः जाऊन या. प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, प्रॅक्टिकल कोण घेते, आधीच्या तुकडीतले विद्यार्थी भेटतील का, हे विचारा. प्रोग्रॅमिंग पुस्तक वाचून येत नाही, पोहण्यासारखेच ते पाण्यात उतरून शिकावे लागते. केंद्राकडून जे मिळणार नाही ते आयआयटींच्या प्राध्यापकांच्या एनपीटीईएल व्याख्यानांतून आणि ‘स्वयम’वरून फुकट मिळते. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हे तिन्ही विषय तिथे पूर्ण आहेत.

मुंबई विद्यापीठाचाही दूरशिक्षण विभाग आहे, आणि गणिताची भीती नसलेल्यांसाठी आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस पदवी २०२०पासून आहे. तिला जेईई लागत नाही, वयाची अट नाही, बारावीची कोणतीही शाखा चालते. प्रवेशासाठी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि पुढचा अभ्यास कडक आहे. मधेच थांबले तरी पायाभूत प्रमाणपत्र किंवा पदविका हाती राहते, हा प्रौढांसाठी मोठा दिलासा.

ज्यांच्याकडे आधीच बी.ए. किंवा बी.कॉम. आहे, त्यांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करू नये. एमसीए आता दोन वर्षांचे आहे. बारावीला किंवा पदवीला गणित होते आणि पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के, गुण आहेत, तर सीईटी देऊन तिकडे जाता येते. ब्रिज कोर्सचे काही जादा विषय करावे लागतात, तेवढेच.

एका ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. पदवी दूरस्थ असली तरी मान्यताप्राप्त संस्थेची असेल तर ती नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची, त्या शिक्षणक्रमाची आणि आपल्या प्रवेशाच्या वर्षाची नोंद असायला हवी. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी अशा पदव्या वाटल्या होत्या, त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७मध्ये निकाल दिला आणि नोकरीला लागलेल्या लोकांच्या पदव्या अडचणीत आल्या. व्यापारी संकुलातल्या गाळ्यात बसून कुणी ‘घरबसल्या बी.ई.’ विकत असेल, तर तिथून परत फिरा. फ्रँचायझी केंद्रांना आयोगाची मनाई आहे.

नोकरीचा हिशेबही आधीच मांडावा. राज्य सरकारच्या बहुतेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे. चाळिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याने पदवीची सांगड सरकारी भरतीशी घालू नये. आयटी कंपन्यांची नवख्यांची भरतीही मुख्यतः ताज्या पदवीधरांसाठी असते. प्रौढाचे बळ त्याच्या जुन्या कामात असते. पंधरा वर्षे क्वालिटी विभागात काढलेल्या माणसाने डेटाबेस आणि पायथॉन शिकले, तर त्याला कारखान्याचा डेटा काय सांगतो हे कळते, आणि ते बाविशीतल्या पदवीधराला शिकवायला कंपनीला वर्षे लागतात. द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारे, बँकेत लेखा पाहणारे, शाळेत गणित शिकवणारे, सगळ्यांना हे लागू आहे.

एक मागणी नाशिकच्या कॉलेजांकडे आहे. मोठ्या शिक्षणसंस्थांच्या संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी सहानंतर प्रौढ विद्यार्थ्यांसाठी उघडाव्यात, मग तो विद्यार्थी कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाचा असो. पहिली शिफ्ट तीनला सुटते आणि जनरल शिफ्ट साडेपाचच्या सुमारास. साडेसहा ते साडेआठ असे दोन तास आणि एक प्रयोगशाळा साहाय्यक एवढ्यावर याची सुरुवात होऊ शकते.