बेसमेंटमधल्या तुळईवरचा आकडा

शिकागोजवळ आम्ही जुने घर घेतले तेव्हा डोक्यात एकच बेत होता. पुढचा पोर्च पाडायचा आणि काचेची बंद खोली करायची. आई-बाबा भारतातून येणार, थंडीत त्यांना उजेडात बसायला जागा हवी. पोर्चचे दोन खांब कुजलेले. कंत्राटदार मापेही घेऊन गेला.

शेजारच्या आजीबाईंनी मात्र विचारले, "बेसमेंटमधल्या तुळया पाहिल्यात का? हे सीअर्सचे घर आहे." टॉर्च घेऊन शोधले, तर टोकाशी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडा छापलेला! आमचे घर चक्क कॅटलॉगमधून मागवलेले होते!

सीअर्स रोबक कंपनीने १९०८ ते १९४० या काळात अशी सुमारे ७० हजार घरे विकली. चित्र आणि नकाशा पाहून पसंती कळवायची. मग रेल्वेच्या डब्यातून मापात कापलेले, नंबर घातलेले लाकूड, दारे-खिडक्या, खिळे, रंग, सगळे हजर. सोबत जोडणीचे पुस्तक. विटा-सिमेंट तेवढे गावात घ्यायचे. कंपनी कर्जही देई. पण १९३० नंतरच्या मंदीत हप्ते थकले आणि तिला आपल्याच गिऱ्हाइकांची घरे जप्त करावी लागली. हे वाचताना, हप्ते भरणाऱ्या आमच्या पोटात कालवलेच.

आमचे घर 'क्राफ्ट्समन' धाटणीचे. रुंद वळचण, वाशांची उघडी टोके, खाली रुंद आणि वर निमुळते खांब. गुस्ताव स्टिकली यांच्या 'द क्राफ्ट्समन' मासिकाने (१९०१ ते १९१६) अशा साध्या, लाकडाचे काम न लपवणाऱ्या घरांची आवड लावली. गंमत म्हणजे या घरांना इथे म्हणतात 'बंगलो'; म्हणजे आपलाच बंगला, विलायतेमार्गे अमेरिकेत आलेला!

पोर्च पाडायला मग हात धजेना. घरात दोन दिवस वादही झाला. शेवटी कुजलेले दोन खांब तेवढे तसेच नवे करून घेतले. काचेची खोली मागच्या बाजूला, पुढच्या वर्षी. पैसे साठले की. आई-बाबा जूनमध्ये आले. आई पहिल्याच संध्याकाळी पोर्चवर मेथी निवडत बसली आणि म्हणाली, "अरे, ही तर ओसरी!"

आपलेही घर १९४० पूर्वीचे असेल, तर हातोडा उचलण्याआधी बेसमेंटमध्ये एकदा टॉर्च मारून पाहा. आकडा सापडला तर आम्हाला जरूर कळवा.